उघडं घर, तोंडावर पाऊस

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. हवामान खात्याच्या नोंदीत वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीतली गावं काही तासांत उलटीपालटी झाली. संध्याकाळपर्यंत वादळ घाट चढून गेलं होतं. पुढे ११ जूनला मोसमी पाऊस हर्णैला पोचल्याचं खात्यानं जाहीर केलं. हर्णै म्हणजे याच पट्ट्याचं दक्षिण टोक.

मधे दिवस मिळाले आठ.

वादळाच्या बातम्यांत पडलेली घरं येतात. छप्पर उडालेलं घर, माड कोसळून दुभंगलेलं घर, भिंत बसलेलं घर. त्यांचे फोटो छापले जातात आणि ते योग्यच आहे. पण अशा प्रत्येक घराच्या आसपास उभी राहिलेली कितीतरी घरं असतात. भिंती शाबूत, छप्पर बरंचसं जागेवर, मात्र मागचं दार बिजागरीसकट निखळलेलं, एका खिडकीची चौकट हललेली, दुसरीची तावदानं माजघरभर पसरलेली. फोटोत हे घर धडधाकट दिसतं. कोकणात चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बराचसा तिरपा येतो. उघड्या खिडकीतून ती झड आत आली की जमीन, गादी, तांदळाची कणगी, विजेचा बोर्ड, भिंतीचा गिलावा आणि शेवटी तुळईचं टोक, असा तिचा प्रवास ठरलेला असतो. घर वादळात वाचतं आणि श्रावणापर्यंत पावसात जातं.

ही भोकं बुजवण्याचं काम कुठल्याच खात्याचं नसतं. झाडं तोडायला एनडीआरएफ येते, खांब उभे करायला महावितरणची माणसं येतात, धान्य वाटायला संस्था येतात. दार लावायला कोण येतं? मेस्त्री. आणि त्याचं स्वतःचंही दार गेलेलं असतं.

दारा-खिडक्यांचं नुकसान किरकोळ मानायची आपल्याला सवय आहे. थोडा हिशेब मांडला की ती सवय मोडते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. आपल्याकडच्या बांधकाम-मानकात त्यासाठी साधं सूत्र आहे, मीटरमधल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीस मीटर. त्या वेगाला समोरासमोर उभ्या असलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सत्तावन्न किलोच्या आसपास भार येतो. तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच दारावर हा भार शंभर किलोंवर जातो. तोही एकसारखा नाही, धक्क्याधक्क्यानं. अंगानं भरलेला माणूस दोन-तीन तास थांबून थांबून दारावर धडका देतोय असं समजा, आणि मग त्या दाराच्या चार इंची कडीकडे आणि तिच्या तीन बारीक स्क्रूंकडे बघा.

दार गेल्यावर खरं संकट सुरू होतं ते वर. आयएस ८७५ हे मानक घराच्या आतल्या दाबाचे तीन आकडे देतं. भिंतीत उघडा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल तर गुणांक ०.२, पाच ते वीस टक्के असेल तर ०.५, त्याहून जास्त असेल तर ०.७. म्हणजे वाऱ्याच्या बाजूचं दार आणि दोन खिडक्या फुटल्या की आतून छपराला मिळणारा रेटा साडेतीन पट होऊ शकतो. बाहेरून वारा छप्पर वर ओढत असतोच, आता खालूनही ढकलू लागतो. सहाशे चौरस फुटांच्या छपराला ०.७ नं हिशेब केला तर फक्त आतला रेटा दोन टनांच्या पुढे जातो. मंगलोरी कौलांच्या छपराला फटी असतात, हवा निसटते, त्यामुळे तिथे कौलं एकेक करून उडतात. पत्र्याचं छप्पर हवा सोडत नाही. ते गेलं तर पाइपांसकट, अख्खंच्या अख्खं जातं. अमेरिकेत फ्लोरिडात १९९२ साली ऑगस्टमध्ये ‘अँड्र्यू’ वादळ आलं, त्यानंतरच्या पाहणीतही हाच क्रम पुढे आला : आधी खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटलं, मग छप्पर गेलं. त्यानंतर तिथल्या बांधकाम-नियमांत खिडक्यांच्या संरक्षणाला जागा मिळाली आणि वादळाची चाहूल लागली की खिडक्यांवर प्लायवुड ठोकायचं हा तिथला रिवाज पक्का झाला.

आपल्याकडच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचनांतही हे आहे. काचेच्या खिडक्यांवर लावायला लाकडी फळ्या तयार ठेवा, बाहेरच्या दारांना भक्कम आधार द्या, फळ्या नसतील तर काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवा. शेवटच्या सूचनेवर फार विसंबू नये. पट्टीनं काच फुटायची थांबत नाही आणि चिकटपट्टीनं तर कधी कधी बारीक तुकड्यांऐवजी मोठी, जड, धारदार पाती सुटतात. पहिली सूचना रास्त आहे. फक्त वादळाच्या आदल्या संध्याकाळी, करोनाच्या टाळेबंदीत, दुकानं बंद असताना, सात खिडक्यांच्या घरानं फळ्या कुठून आणाव्यात एवढाच प्रश्न उरतो.

या किनाऱ्यावरच्या घराला तयारीचं वावडं आहे असं मात्र नाही. मे महिन्यातली आगोटीची कामं हा कोकणच्या वर्षाचा एक भागच आहे : कौलं परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, पडवीला आडोसा करायचा. पण हा सगळा बंदोबस्त पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसासाठी असतो. त्या बाजूची पागोळी लांब, त्या बाजूच्या खिडक्या लहान, आडोसा तिकडेच. चक्रीवादळ हा शिरस्ता पाळत नाही. आपल्या गोलार्धात त्याचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. समुद्रातून ईशान्येकडे सरकणारं वादळ अंगावर येत असताना पहिला मारा जमिनीकडून, पूर्व-आग्नेयेकडून बसतो आणि केंद्र पुढे गेलं की वारा उलटून वायव्येकडून येतो. म्हणजे ज्या दाराला आयुष्यात झड लागली नाही त्या मागच्या, परसाकडच्या, न्हाणीच्या दाराची परीक्षा आधी. आणि घरातलं सगळ्यांत हलकं, सगळ्यांत स्वस्त, कुजट चौकटीचं दार नेमकं तेच असतं.

जुन्या घराबद्दल दोन शब्द इथे बोलायला हवेत आणि ते गहिवर न घालता बोलायला हवेत. जुन्या जांभ्याच्या घराचं दार दोन झडपांचं, फणसाच्या किंवा सागाच्या फळ्यांचं. आत उघडणारं. त्याला कडीखेरीज अडसर असे. भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवलेला चांगला जाड वासा, रात्री ओढून समोरच्या भिंतीतल्या खोबणीत बसवायचा. दारावर आलेला भार त्यामुळे स्क्रूवर न येता थेट दोन बाजूंच्या भिंतींवर जातो. चोरासाठी केलेली ही सोय वाऱ्यालाही पुरून उरते. खिडक्या लहान, गराद्यांच्या, आतून लाकडी दारांच्या. काच नाही, त्यामुळे फुटायला काही नाही. हे सगळं खरं. पण त्या घरात दिवसा उजेड नव्हता, धुरानं डोळे जात होते आणि मातीत बांधलेल्या जांभ्याच्या भिंती अंगावर माड पडल्यावर दुभंगायच्या त्या दुभंगल्याच. ज्यांनी त्या खिडक्या काढून मोठ्या केल्या त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार शहरात राहून जुन्या घरांचे फोटो काढणाऱ्यांना नाही. मला खटकतं ते वेगळंच. खिडकी मोठी करताना अॅल्युमिनियमची सरकती आली, गज आले, डासांची जाळी आली आणि बाहेरून बंद करता येणारी लाकडी दारं तेवढी गेली. दार बदलताना फ्लश डोअर आलं, टॉवर बोल्ट आला. अडसराची भोकं गिलाव्याखाली बुजली. त्यासाठी लागलं असतं ते एक दोन बाय तीनचं लाकूड आणि भिंतीत पक्के बसवलेले दोन लोखंडी पकडे.

वादळानंतरच्या पहिल्या रात्री जे सापडतं त्यानंच भोक बुजवतात. निसर्गच्या वेळी काय काय लागलं होतं? सतरंज्या, जुन्या साड्या, खताच्या गोणी, प्लॅस्टिकच्या पोत्यांचे शिवलेले पडदे, राजकीय पक्षांचे फ्लेक्स, पलंगाची फळी, कपाटाची पाठ, उडून आलेला दुसऱ्याचा पत्रा. फ्लेक्स कामाचा निघतो, यात शंका नाही. पावसाला तो गोणपाटापेक्षा कितीतरी चांगला आणि फुकट. मात्र खिळा मारून लावला की वाऱ्यानं फडफडून खिळ्यापाशीच फाटत जातो. मेस्त्री लोक ताडपत्री किंवा फ्लेक्स कधीच नुसता ठोकत नाहीत. कडेला रीप ठेवतात, कापडाचा त्या रिपेला दीड-दोन वेढा देतात आणि मग रिपेतून खिळा मारतात. ताण सगळ्या कडेवर सारखा वाटला जातो, खिळ्याचं भोक एकटं पडत नाही. वरची कड पागोळीच्या आत, कौलाखाली सरकवायची. ती भिंतीवर वरून ठोकली तर भिंतीवरून ओघळणारं पाणी कापडाच्या मागे उतरून घरात येतं. खालची कड बाहेरच्या अंगाला उंबरठ्याखाली आणायची. एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या तर आठवडाभर टिकणारी ताडपत्री महिनाभर टिकते.

तेव्हा ताडपत्रीही मिळत नव्हती. टाळेबंदी होती, रस्त्यांवर झाडं होती, फोनचे मनोरे आडवे होते आणि वीज नसल्यानं यंत्राची करवत बंद. कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. पत्रे आणि कौलं यांची तर नुसती वाट पाहायची. अशा वेळी अंगणात काय पडलेलं होतं? झावळ्या. श्रीवर्धनी रोठ्याच्या बागा आणि माडांच्या ओळी जमीनदोस्त झाल्या होत्या. ज्यांचं वर्षाचं पोट त्या झाडांवर होतं त्यांच्यासमोर आता त्याच झाडांच्या झावळ्यांचे ढीग होते. ज्यांच्या घरात झाप विणणारी जुनी माणसं होती त्यांचे आडोसे लवकर उभे राहिले.

झाप ही किनाऱ्यावरची जुनी वस्तू. माडाची झावळी मधून उभी चिरायची, पाण्यात भिजत टाकायची, मग पात्या एकाआड एक घालून चटईसारखी विणत जायचं. भिजवल्याशिवाय पाती मोडते, आणि कोरडी विणली तर सैल पडते. विणलेली झापं खालून वर अशी लावतात, वरच्या झापाची कड खालच्यावर येईल अशी, काथ्यानं बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्टीला बांधून. तिच्यातून वारा थोडा गळतो. तेच तिचं बळ. प्लॅस्टिकच्या कापडावर वारा अख्खा भार टाकतो, झापावर टाकू शकत नाही. पाऊस पातीवरून खाली घरंगळतो. एखाद-दुसरा पावसाळा झाप काढते, मग गोठ्यात किंवा खतात जाते. तोटे आहेतच : उंदीर शिरतात, चुलीजवळ लावता येत नाही आणि चोराला ती आडवत नाही. हे विणणं येणारी माणसं आता साठीच्या पुढची, बहुतेक बाया. त्यांच्या सुनांना येत नाही, कारण सुनांनी पदवी घेतली आणि पडवीला कायमचा पत्रा लागला. यात कुणाचं चुकलं असं नाही.

आता गज असलेल्या खिडकीची गोष्ट. गावातल्या नव्या घराला लोखंडी गज किंवा ग्रिल असतंच आणि वादळात ते बहुधा टिकतं, जाते ती काच. हे ग्रिल म्हणजे तयार सांगाडा आहे. जांभ्यात किंवा जुन्या गिलाव्यात खिळा नीट धरत नाही, भुगा होऊन सुटतो. म्हणून भिंतीत ठोकाठोक करण्यात अर्थ नाही. प्लायवुडचा तुकडा, पत्रा किंवा जुन्या दाराची फळी बाहेरून लावायची, आतल्या बाजूला गजांवर दोन आडव्या रिपा धरायच्या आणि स्लॅबच्या सळया बांधायची जी मऊ तार असते तिनं दोन्ही एकमेकांना आवळायचं. पकडीनं चार पीळ दिले की बसतं. खिळा नाही, चौकटीला इजा नाही, सोडवायचं झालं तर आतून सोडवता येतं. ग्रिल नसेल तर बाहेर फळी, आत आडवी दोन लाकडं आणि आरपार लांब बोल्ट, हा अमेरिकी गावांतला रिकामी घरं बंद करण्याचा प्रकारही तोच आहे. तिथे बोल्ट लागतो, आपल्याकडे तार पुरते.

त्याआधीची कामं कुणी सांगत नाही. मेन स्विच पाडायचा, कारण भिजलेल्या भिंतीत करंट उतरतो. पायात चप्पल नको, बूट हवा. तावदानाचे चौकटीत अडकलेले सुळे वरून खाली या क्रमानं, हाताला गोणपाट गुंडाळून काढायचे. खालचे आधी काढले तर वरचे मनगटावर येतात. दाराची झडप एका बिजागरीवर लोंबत असेल तर ती उखडून फेकण्यापेक्षा परत चौकटीत उभी करून पाचरी मारून बसवणं बरं. तुटकं दारही नव्या ताडपत्रीपेक्षा भक्कम असतं. आणि सगळं घर डबाबंद करायचं नाही. बाहेर पडायला एक दार मोकळं हवं आणि चूल पेटत असेल तिथे धुराला वाट हवी. वीज नसलेल्या त्या आठवड्यांत जनरेटर फिरत होते. बंद पडवीत जनरेटर चालवणं म्हणजे झोपेत मरण ओढवून घेणं.

दाराखालच्या फटीचं महत्त्व शहरी वाचकाला चटकन ध्यानात येणार नाही. पावसाच्या तोंडावर बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरड्या जागेच्या शोधात निघतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा चावल्याची जागा नीट दिसतही नाही. भिजलेला पलंग बाहेर काढलेला, माणसं जमिनीवर आणि दाराखाली तीन बोटं फट. म्हणून जाणती माणसं खिडकी झाकण्याआधी उंबरठ्यापाशी चिंध्यांची जाड वळकटी ठोकतात.

सरकारी मदतीकडे वळलं की दारं-खिडक्या जवळजवळ दिसेनाशा होतात. त्या वेळच्या राष्ट्रीय निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात ९५,१०० रुपये होते. निसर्गनंतर राज्य सरकारनं ती रक्कम दीड लाख केली. अंशतः नुकसान झालेल्या पक्क्या घराला निकषांप्रमाणे ५,२००, कच्च्याला ३,२००; २०२२ नंतरच्या निकषांत हे आकडे ६,५०० आणि ४,००० झाले. राज्य वरून भर घालतं ते वेगळं. पण अट कायम आहे : नुकसान किमान पंधरा टक्के हवं. चार भिंती आणि छप्पर डोळ्यांपुढे ठेवून टक्के काढले तर एक दार आणि तीन खिडक्या पंधरा टक्क्यांत बसवणं तलाठ्याच्याही हातचं नसतं. बिचारा पंचनामा करतो आणि पुढच्या घरी जातो. बरं, त्या दारातून पुढचे तीन महिने पाऊस आत येऊन भिंत बसली तर ते नुकसान वादळाचं धरायचं की अतिवृष्टीचं, हा वाद वेगळाच.

त्याहून वाईट भाग म्हणजे पंचनाम्याची धास्ती. नुकसान झाकलं तर दिसणार नाही, दिसलं नाही तर लिहिलं जाणार नाही, म्हणून ताडपत्री हातात असूनही घर उघडं ठेवून तलाठ्याची वाट पाहणारी कुटुंबं प्रत्येक वादळानंतर असतात. वाट पाहण्यात पाऊस येतो. वास्तविक मोबाइलमधला तारखेसह फोटो, शेजाऱ्यासोबत उभं राहून काढलेला, आणि सरपंचाच्या किंवा पोलीस पाटलाच्या कानावर घातलेली गोष्ट एवढ्यावर घर झाकायला हरकत नसावी. पण हे कुणीतरी अधिकारानं, आधी, गावात दवंडी पिटून सांगायला हवं. वादळाच्या इशाऱ्याबरोबर ‘झाकून घ्या, मदत बुडणार नाही’ हे एक वाक्य जोडलं तर मदतीच्या रकमेत एक पैसाही न वाढवता बरीच घरं कोरडी राहतील.

आणि मग बंद घरं. कोकणातल्या कुठल्याही वाडीत दर चार-पाच घरांमागे एखादं कुलूपबंद, मालक मुंबईला, वर्षातून शिमग्याला आणि गणपतीला उघडणारं. २०२० च्या जूनमध्ये काही चाकरमानी कसेबसे गावी पोचलेले, काही डोंबिवली-नालासोपाऱ्याच्या खोल्यांत अडकलेले. त्यांच्या गावच्या घराचं मागचं दार उडालंय हे त्यांना कळायलाही फोन लागायला हवा होता. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते, ती दिवा लावायला आणि माळा बघायला. पण तुटलेल्या दारातून आत जाऊन सामान हलवायचं, भिंतीला खिळे मारायचे, त्यासाठी स्वतःचे पैसे घालायचे, हे किल्लीच्या अधिकारात बसतं का? भावाभावांत वाटण्यांचा दावा चालू असेल तर मुळीच नाही. तिथे घराला हात लावणारा शेजारी उद्या कोर्टात साक्षीदार म्हणून उभा राहतो. अशा घरांना कुणी शिवलं नाही आणि गणपतीत मालक आले तेव्हा माजघरात वाळवीनं तुळई खाल्लेली. काही वाड्यांत मात्र लोकांनी मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, मालकानं ‘करा’ म्हटलं आणि तेवढ्यावर दारं बंद झाली. त्या ‘करा’ची किंमत रोख मदतीपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या टोकाला आहे ते घरकुल, ज्याला खिडकी लागलेलीच नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळायचे, घर किमान पंचवीस चौरस मीटरचं. हे पैसे हप्त्यांनी, पाया, भिंती, छप्पर अशा टप्प्यांवर येतात आणि दारा-खिडक्यांपाशी येईतो बहुतेकांचे संपलेले असतात. मग चौकट असते, झडप नसते. खिडकीच्या जागी सिमेंटची गोणी तारेनं ताणलेली. आदिवासी वाड्यांवर अशी घरं वर्षानुवर्षं दिसतात. वादळानंतर शेजाऱ्यांवर जी वेळ एका दुपारी आली ती इथे रोजची. गंमत अशी की या वाड्यांवर गोणी ताणण्याचं, कुडाच्या कारव्या बांधण्याचं, मातीनं फटी लिंपण्याचं कसब उत्तम असतं, आणि निसर्गनंतर खालच्या आगरांतल्या बागायतदारांना आडोसा करून द्यायला मजुरीवर उतरली ती बऱ्याच ठिकाणी हीच माणसं.

एक धोका मात्र स्पष्ट करायला हवा, कारण रायगडनं तो लगेच पुढच्या वर्षी पाहिला. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं आणि २२ जुलै २०२१ ला महाड-चिपळूणात पूर आला. वाऱ्याला दार घट्ट बंद करायचं, हे गणित पुराला लावता येत नाही. वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साठ किलोच्या घरात. मीटरभर साचलेल्या पाण्याचा तळाशी दाब हजार किलो. तीन फुटी दारावर बाहेर मीटरभर पाणी असेल तर साडेचारशे किलोंचा रेटा येतो. पाचरी मारून ते रोखून धरलं तर पाणी दाराऐवजी भिंत घेऊन आत येतं. नदीकाठच्या घरात पाणी वाढू लागलं की माणसांनी वर जायचं, दार सोडून द्यायचं. ज्या गावात खाडी आणि समुद्र दोन्ही आहेत तिथे हा फरक शाळेत शिकवायला हवा. तो शिकवत नाहीत, भूमितीचा वर्तुळाचा धडा शिकवतात.

तात्पुरतं झाकलेलं कायमचं होतं, हा या साऱ्या प्रकाराचा पुढचा भाग. जूनमध्ये ठोकलेली फळी ऑगस्टमध्ये फुगते, सप्टेंबरात प्लायवुडचे पदर सुटतात, ऑक्टोबरच्या उन्हात तडे जातात. दिवाळीच्या रंगकामाला माणसं ती काढायला घेतात आणि मागचं लाकूड बघून पुन्हा ठोकतात. मेस्त्रीला वेळ नसतो. वादळानंतर पहिलं वर्ष तो छपरांवर असतो; दारांचा नंबर नंतर. पैसा नसतो, कारण सुपारीची नवीन रोपं लावली तरी उत्पन्नाला पाच-सात वर्षं. लाकूड मात्र, सगळ्यांत विचित्र गोष्ट, मुबलक असतं. पडलेले फणस, आंबे, ऐन. फणसाच्या लाकडाची दारं चांगली होतात, वाळवी त्याला सहजी धरत नाही. ज्यांनी घाईघाईनं ओंडके विटभट्टीला घातले नाहीत, त्यांनी ते रस्ते मोकळे झाल्यावर फळ्या पाडून पडवीत रचून ठेवले, दोन फळ्यांमधे रिपा घालून, वारा खेळेल असे. कारण ओल्या फळीचं दार केलं तर पहिल्या उन्हात ते वाकतं आणि चौकटीत बसत नाही. मेस्त्री लोकांचा ठोकताळा सोपा आहे : इंचभर जाडीला एक वर्ष वाळवण. दीड इंची झडपेचा हिशेब त्यांनी मालकाला तिथल्या तिथे बोटांवर करून दिला, आणि मालकानं बाजारात जाऊन जाड ताडपत्री आणखी एका पावसाळ्याच्या हिशेबानं घेतली.